कोरा रोल

फोटोताईला काळजी करायला कारण लागत नसे. घराला कुलूप लावून ती जिना उतरली की पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघायची. रस्त्याच्या टोकाशी पोचेपर्यंत गॅस आठवायचा. गॅस बंद केल्याची मनाशी खात्री पटेपर्यंत बस निघून गेलेली असायची, आणि मग पुढच्या बसची काळजी सुरू. तिचे वडील म्हणायचे, "आमच्या मुलीला एखाद्या दिवशी काळजी करायला काही मिळालं नाही, तर त्याचीच काळजी लागेल तिला." हे ते तिच्या तोंडावर म्हणायचे, आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र ही धास्ती फार कामाला आली, हे कबूल करायला हवं. वर्तमानपत्रात नोकरीला लागून तिला वीस वर्षं झाली होती, आणि वीस वर्षांत तिचा एकही रोल वाया गेला नव्हता. पिशवीत जादा रोल, जादा बॅटरी, कॅमेरा गुंडाळायला प्लॅस्टिक, पुसायला मऊ फडकं, आणि ते फडकं हरवलं तर दुसरं. कचेरीतले बाकीचे फोटोग्राफर या पिशवीला 'फोटोताईचा संसार' म्हणायचे. चेष्टा करायचे आणि अडलं की त्याच संसारात हात घालायचे.

हे काम तिच्याकडे घरातूनच आलं होतं. वडिलांचा स्टुडिओ होता, दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत फिरतं स्टूल, मागे ढगांचं चित्र असलेला पडदा, आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा, कारण मोकळा ठेवलेला कंगवा आठवडाभरही टिकत नसे. मागची खोली काळोखी. तिथे फोटो धुतले जायचे आणि खिडकीच्या फटीशी बसून वडील बारीक ब्रशनं गिऱ्हाइकांचे मुरूम, तीळ, डोळ्यांखालची वर्तुळं घालवायचे. त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. "जसा आहे तसा फोटो कुणाला हवा असतो?" ते विचारायचे. "जसा आहे तसा माणूस रोज आरशात बघतोच की."

यावरून बापलेकीचं कधी पटलं नाही. ती एकोणीस वर्षांची असताना तिनं एका गृहस्थांच्या नाकावरचा चामखीळ फोटोत तसाच ठेवला. गृहस्थांनी स्टुडिओ डोक्यावर घेतला. वडिलांनी माफी मागून तो चामखीळ दोन मिनिटांत नाहीसा केला, आणि ती त्या दिवशी ठरवून बसली की आपण असल्या कामाला हात लावायचा नाही. मी जे दिसतं तेच दाखवीन, असं ती म्हणाली. वडील म्हणाले, बरं, जेवून घे आधी.

वर्तमानपत्रानं तिला सुरुवातीला फुलांच्या प्रदर्शनांना आणि बक्षीस समारंभांना पाठवलं. तिथे ती निमूटपणे फुलं आणि बक्षिसं टिपायची, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या वाटेनं जायची. दोर वळणाऱ्या बायका, होड्यांवर डोळे रंगवणारा म्हातारा, बाहुल्या नाचवणारं एक कुटुंब ज्यांच्या बाहुल्या जप्त झाल्या होत्या. कुणाचं काय मोडतं आहे, कुणाला कुठून उठवलं जातं आहे, हे तिला आधी कळायचं. संपादकांना ते पुढे कळायचं, तिच्याच फोटोंवरून. हळूहळू तिच्या नावाला वजन आलं. प्रदर्शनं झाली. पण तिचा एक नियम तिनं कधी मोडला नाही: फोटो छापायला जाण्याआधी त्याची पहिली प्रत ज्याचा चेहरा आहे त्याच्या घरी जायची. ती स्वतः नेऊन द्यायची. माणूस म्हणाला, नको, तर तो फोटो तिथेच संपला. संपादक यावर दरवेळी चिडायचे. ती दरवेळी मान खाली घालायची आणि दरवेळी पहिली प्रत घेऊन निघायची.

याच नियमापायी गवईदादांच्या घराशी तिची ओळख वाढली. दगड दळून त्याची पांढरी भुकटी करणारा एक कारखाना होता आणि त्याच्या भिंतीला लागून कामगारांची वस्ती. गवईदादा तिथे तीस वर्षं दळणाच्या यंत्रावर होते. गवई हे वस्तीनं दिलेलं नाव. यंत्रं यायच्या आधी ही माणसं दगड हातानं फोडायची आणि घाव एका तालात पडावेत म्हणून गायची. ती गाणी आता कुणाच्या कामाची उरली नव्हती. गवईदादांना मात्र सगळी पाठ होती, आणि पाळी संपली की ते दारात उभे राहून गायचे. फोटोताईनं त्यांचा पहिला फोटो काढला तेव्हा ते दाराच्या चौकटीत मावत नव्हते. छाती पुढे, मान मागे, तोंड उघडं. वहिनी, म्हणजे गवईदादांच्या पत्नी, मागे हात पुसत उभ्या, चेहऱ्यावर 'झालं यांचं सुरू' असा भाव. तो फोटो खूप गाजला. पहिली प्रत वहिनींनी पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवली होती.

नंतरच्या अकरा वर्षांत ती कितीदा तरी तिथे गेली. दरवेळी दार थोडं मोठं झाल्यासारखं वाटायचं. गवईदादा आटत चालले होते. वस्तीत खोकला नाही असं घर नव्हतं. भुकटी खिडकीत असायची, भांड्यांवर असायची, पुसलं तरी तासाभरात पुन्हा असायची. कारखान्याचा डॉक्टर म्हणे, ही माणसं तंबाखू ओढतात. गवईदादांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. ते म्हणायचे, "डॉक्टरांना सांगा, मी ओढली ती फक्त तान."

शेवटी एक वकीलबाई पुढे आल्या. आवाज बारीक, पण कुणाला ऐकायच्या नाहीत. त्यांनी चौकशी समितीपुढे सुनावणी मिळवली. मागणी साधी होती: हा आजार धुळीचा आहे हे कारखान्यानं कबूल करावं, धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवावीत, आजारी माणसांवर उपचार व्हावेत. वकीलबाईंना बारा कामगारांचे फोटो हवे होते, आणि त्यातला बारावा गवईदादांचा. "अकरा वर्षांपूर्वीचा तो फोटो आणि शेजारी आजचा," त्या फोटोताईला म्हणाल्या. "तेच दार, तेच गाणं. समितीला फुप्फुसातलं काही कळत नाही. पण हे दोन फोटो शेजारी ठेवले की कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही."

सुनावणीला एकोणीस दिवस असताना फोटोताई वस्तीत गेली. सकाळभर तिनं अकरा माणसांचे फोटो काढले, प्रत्येकजण आपापल्या छातीचा एक्स-रे खिडकीशी धरून. गवईदादांना शेवटी ठेवलं होतं, कारण त्यांना दम जमवावा लागे. धुतलेला पांढरा सदरा घालून, केस विंचरून ते दारातल्या स्टुलावर बसले होते. गायला डॉक्टरांची बंदी होती. वहिनींचीही होती. पण एकदाच, एकच गाणं, असं ठरलं होतं.

पहिला रोल संपला म्हणून फोटोताई दुसरा भरत होती. नवा रोल भरताना फिल्मचं टोक समोरच्या फिरत्या दांडीच्या फटीत खोचायचं, झाकण लावायचं, आणि खटका ओढताना डावीकडची लहान चकती फिरते का ते बघायचं. फिरली, तर फिल्म पुढे सरकते आहे. नाही फिरली, तर टोक निसटलं आहे. मग दिवसभर फोटो काढा, कॅमेरा खटखट करणार, आकडा पुढे जाणार, आणि फिल्म आपली जागच्या जागी. ही नवशिक्यांची चूक आहे. फोटोताईनं यावरून कचेरीतल्या नवख्या फोटोग्राफरांना इतकं बोलून दाखवलं होतं की ते तिला पाहिलं की आधी चकती बघायचे.

झाकण लागत होतं तेवढ्यात गवईदादा उठले. "आला," ते म्हणाले. "दम आला, ताई. आता थांबता येणार नाही." आणि त्यांनी गाणं धरलं.

ती धावली. गुडघ्यावर बसली, फोटो काढू लागली. आवाज म्हणजे नुसता घासल्यासारखा उरला होता, पण सूर होता. गळ्याच्या दोन्ही शिरा ताठ झाल्या होत्या, खांद्याची हाडं सदऱ्यातून वर येत होती, आणि डोळे, कसं सांगावं, डोळे मजेत होते. वीस वर्षांत आपण असं काही पाहिलेलं नाही हे तिला फोटो काढता काढता कळत होतं. वस्तीतली माणसं कामं सोडून गोळा झाली. चारही कडवी झाली. गवईदादा मटकन स्टुलावर बसले आणि वहिनी त्यांची पाठ चोळू लागल्या.

फोटोताईनं सहज आकडा पाहिला. चाळीस.

रोल छत्तीसचा असतो. नशीब असेल तर सदतीस निघतात, फार तर अडतीस. चाळीस निघत नाहीत. तिनं डावीकडची चकती बोटानं फिरवून पाहिली. आत भरलेली, ताणलेली फिल्म असेल तर चकती अडते, जोर लावावा लागतो. ही सैल फिरली. आत काही नव्हतं.

आता खरं तर काय करायचं होतं? झाकण उघडून टोक पुन्हा खोचायचं, आणि तोंड उघडून सांगायचं की दादा, माझ्या हातून चूक झाली. एवढंच. पण समोर तो माणूस बसलेला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, ओठ निळसर, वहिनींनी धरलेल्या पेल्यातलं पाणी अर्धं तोंडात, अर्धं हनुवटीवर. त्यांनी पाण्यातूनच विचारलं, "सगळं आलं ना, ताई?"

"आलं," फोटोताई म्हणाली.

वेळ मारून नेली, असं आपण अशा वेळी म्हणतो. तिनं काही मारून वगैरे नेलं नाही. शब्द तोंडातून निसटला आणि तो परत घ्यायची हिंमत तिच्यात नव्हती. बसमध्ये बसेपर्यंत तिनं मनाशी ठरवलं की पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं, काहीतरी निमित्त काढायचं, उजेड कमी पडला म्हणायचं. एकोणीस दिवस आहेत. घरी जाऊन तिनं रोल धुतलाही, आकडा चुकला असेल या वेड्या आशेवर. फिल्म काचेसारखी आरपार निघाली. त्यातून समोरची भिंत दिसत होती.

पुढचे आठ दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, उद्या जाते, त्यांना जरा विसावा मिळू दे. तिसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि पुन्हा घरात येऊन बसली. त्या माणसाकडून तो दम पुन्हा कुठल्या तोंडानं मागायचा? पुन्हा गाताना काही झालं तर? आणि आपण 'आलं' म्हणालो होतो त्याचं काय करायचं? पाचव्या दिवशी कचेरीत एका बक्षीस समारंभाला कुणी जायला तयार नव्हतं, तर हिनं आपण होऊन हात वर केला. संपादक चकित झाले. ज्या समारंभांपासून ती गेली कित्येक वर्षं अंग चोरत होती, तिथे ती आता लपायला जात होती. जेवण जात नव्हतं. वस्तीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करून निरोप ठेवावा म्हणून ती चारदा नंबर फिरवायला बसली आणि चारही वेळा शेवटच्या आकड्यावर थांबली.

नवव्या दिवशी सकाळी फोन वाजला. वकीलबाई होत्या. गवईदादा पहाटे गेले होते.

"फोटो आहे ना?" वकीलबाईंनी विचारलं. त्यांचाही आवाज जड होता. "आता तोच साक्ष देणार त्यांच्या वतीनं."

"आहे," फोटोताई म्हणाली. ही दुसरी वेळ.

ती अंत्यसंस्काराला कॅमेरा न घेता गेली आणि सगळ्यांच्या मागे उभी राहिली. वहिनींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. फोटोचं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. न विचारण्यानं तिचं धाबं दणाणलं.

आता सुनावणीला दहा दिवस होते आणि फोटोताई रात्रंदिवस एकाच गोष्टीभोवती फिरत होती. दोन वर्षांपूर्वी काढलेला एक रोल तिच्याकडे होता. तेच दार, तेच उभं राहणं, तोंड उघडं. तेव्हा आजार सुरू झाला होता. सदराही पांढराच. सतरा नंबरची छबी तिनं भिंगाखाली धरली आणि तिला घाम फुटला, कारण ती चालण्यासारखी होती. माणूस तोच, दार तेच, आजार तोच. फक्त गाल थोडे भरलेले. खोटं असं यात काय आहे, ती स्वतःलाच विचारत होती, आणि बाकीच्या अकरा माणसांचं काय, त्यांचा खटला माझ्या एका चुकीपायी लंगडा व्हावा का? हा प्रश्न तिला फार सोयीचा होता, हे तिला कळत होतं.

दुपारच्या वेळी घरातल्या काळोख्या खोलीत तिनं ती छबी मोठी करायला घेतली. कागदावर उजेड पडत असताना गालाच्या जागी तिनं जास्त वेळ उजेड दिला. गाल काळवंडले, आत गेले. गळ्याच्या शिरांना थोडी सावली. डोळ्यांखाली थोडी. पाच कागद फुकट गेले आणि सहाव्यावर गवईदादा दोन वर्षांनी म्हातारे झाले. तिचे हात थरथरत नव्हते याचीच तिला भीती वाटली.

फोटो दोरीवर वाळत होता तेव्हा तिला भेटायला आलेले वडील आत आले. स्टुडिओ बंद होऊन बारा वर्षं झाली होती, पण ओला फोटो दिसला की त्यांचे पाय आपोआप वळत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो नाकाशी नेला.

"गालावर काम केलंस," ते म्हणाले.

तिनं हात धुवायला घेतले.

"मी उजळ करायचो, तू काळं केलंस, एवढाच फरक. पण हात छान बसलाय हं." आणि ते खरोखरच आनंदून म्हणाले, "मला वाटायचं, माझं काही तू घेतलंच नाहीस."

वडिलांनी इतक्या वर्षांत केलेली ही पहिली स्तुती. तिला रडू यायला लागलं, तर त्यांना वाटलं, पोरगी भारावली. ते तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

फोटो वकीलबाईंकडे पाठवायचा तर आधी एक गोष्ट उरली होती. पहिली प्रत. नियम तिचाच, आणि तो मोडायला तिला आता कुणी अडवलं नसतं. चेहरा ज्याचा तो माणूस राहिला नाही, असं म्हणून हात झटकता आले असते. तिनं प्रयत्न केला. सुनावणीच्या आदल्या दिवसापर्यंत पाकीट टेबलावर पडून होतं आणि ती त्याच्याभोवती घिरट्या घालत होती. शेवटी चार वाजता उठली, पाकीट उचललं आणि कुलूप न ओढताच खाली उतरली.

वहिनी दारातच बसल्या होत्या, त्या स्टुलावर. "ये, ताई," एवढंच म्हणाल्या. आत गेल्यावर त्यांनी खिडकीची कड फडक्यानं पुसली, सवयीनं. एक खोली, भिंतीशी पेटी, खुंटीवर पांढरा सदरा. फोटोताईनं पाकीट पुढे केलं.

वहिनींनी फोटो काढला आणि दाराच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. फोटोवरून बोट फिरवलं, पण टेकवलं नाही.

"छान आलेत," त्या म्हणाल्या. फोटोताईनं सुस्कारा सोडला. "पण हा त्या दिवशीचा नाही."

"वहिनी..."

"हा दात बघ." त्यांनी फोटोतल्या उघड्या तोंडाकडे बोट दाखवलं. "वरचा. हा गेल्या वर्षी पडला ना. मग गाताना मधेच शीळ यायची. किती हसायचो आम्ही. ते मुद्दाम त्या शब्दावर जोर द्यायचे, मला हसवायला."

गालावर एवढी मेहनत घेतली होती, आणि दात राहून गेला होता. फोटोताई खाली बसली. जमिनीवरच. आणि मग सगळं बोलून टाकलं: चाळीसचा आकडा, सैल चकती, कोरी फिल्म, मी 'आलं' म्हणाले ते, आठ दिवस लपून बसले ते, गाल काळे केले ते. एकही गोष्ट गाळली नाही. सांगून झाल्यावर तिला हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही.

"उद्या देणार होतीस हा?" वहिनींनी विचारलं.

"देणार होते."

"आता?"

फोटोताई उठली. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तिनं वकीलबाईंना फोन लावला, आणि या वेळी शेवटचा आकडाही फिरवला. दुकानदार कान देऊन ऐकत होता, ऐकू दे म्हणाली मनात. तिनं सगळं सांगितलं.

"उद्या दहाला सुनावणी आहे," वकीलबाई म्हणाल्या, "आणि तू हे मला आज पाच वाजता सांगतेस."

"हो."

"बाकीचे अकरा तरी खरे आहेत का?"

हा प्रश्न वीस वर्षांत तिला कुणी विचारला नव्हता. "खरे आहेत," ती म्हणाली. "उद्या मी येते. बारावा का नाही, ते शपथेवर सांगते. मग त्यांना माझ्या अकरांवर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवू दे."

"ये," वकीलबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यात माफी नव्हती, आणि तिनं ती मागितलीही नव्हती.

ती परत आली तेव्हा वहिनींनी फोटो फळीवर भिंतीला टेकवून उभा केला होता. "हा मला राहू दे," त्या म्हणाल्या. "गाल तू काळे केलेस ते केलेस. दात माझा आहे."

"वहिनी, मला बोला. दोन शिव्या तरी घाला."

वहिनी काही वेळ हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिल्या.

"त्यांना कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तू गल्लीच्या टोकालाही पोचली नसशील, तेवढ्यात म्हणाले, ताईचा फोटो आला नाही. मी म्हटलं, आला म्हणाली की ती. तर म्हणाले, अकरा वर्षं ती माझ्याकडे बघते आहे, मी काय डोळे मिटून बसलो होतो? तोंड पाहिलंस का तिचं?"

"मग मला बोलावलं का नाही? मी त्याच दिवशी..."

"मी निघालेच होते फोन करायला. नको म्हणाले. तिला ओशाळं वाटेल. आपण होऊन येईल ती, दोन दिवसांत येईल. आणि म्हणाले, आता मी बोलणार नाही. दम साठवतो. आली की पूर्ण गाणं म्हणायचंय, चारही कडवी."

बाहेर कारखान्याची पाळी सुटली होती. माणसं खोकत दारावरून चालली होती.

"आणि नाही बोलले," वहिनी म्हणाल्या. "आठ दिवस. पाणी हवं तर पेल्याकडे बोट. लेकीचा फोन आला दुकानात, तर मला पाठवलं. तीस वर्षं ज्या माणसाच्या बडबडीनं माझं डोकं उठायचं, तो समोर बसलेला आणि घरात आवाज नाही. शेवटच्या दिवशी मला कळत होतं गं. मी हातापाया पडले त्यांच्या. म्हटलं, अहो, आता बोला. ती नाही येत आता. माझ्याशी बोला काहीतरी, एक शब्द तरी बोला."

"मग?"

"दाराकडे बोट दाखवलं," वहिनी म्हणाल्या, "आणि ते बोट असं ओठांवर ठेवलं."